ठाण्याहून लिहिलेलें एक पत्र

धर्मासाठीं प्राण देणाऱ्यांच्या कथा, आपल्याकडील काय किंवा पाश्चात्त्यांकडील काय, बहुधा एकाच साच्यांत ओतलेल्या असतात. छळणारा जितका क्रूर, तितका सोसणारा प्रसन्न. अंगास ज्वाळा भिडल्या तरी मुखावर स्मित. आणि भय हा शब्द तर त्या कथेच्या वाऱ्यासही उभा राहत नाहीं. अशी कथा वाचतांना मन क्षणभर उंचावतें हें खरें. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या पदरांत फारसें कांहीं उरत नाहीं, असा आमचा तरी अनुभव आहे. ज्याला भय ठाऊकच नाहीं त्याच्या धैर्याचें मोल आपण कोणत्या मापानें करावें? आपल्या आयुष्यामागें ईश्वराचा कांहीं संकेत आहे असें अंतःकरणापासून मानणारा मनुष्य भयानें व्याकुळ होऊं शकतो काय, आणि झाला तर त्याची श्रद्धा कच्ची ठरते काय, हा खरा प्रश्न आहे; आणि तो एकट्या ख्रिस्ती मनुष्याचा नव्हे. घरांत मृत्यु झाला असतां समाचाराला येणारे लोक दारांतच ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतात. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानें तें वाक्य मान हलवून स्वीकारावें, अशी त्यांची अपेक्षा असते. आणि तो बिचाराही बहुधा मान हलवितो. तेव्हां या प्रश्नापासून सुटलेलें घर सांपडणें कठीणच.

या प्रश्नास धरून जें एक जुनें लिखाण आम्हांस विशेष मोलाचें वाटतें, तें आमच्याच किनारपट्टींतलें आहे. आम्ही राहतों तें अच्छाड हें गांव तलासरी तालुक्यांत, गुजराथच्या अगदीं वेशीवर आहे. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाला, तोंपर्यंत हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरील तपासणी नाक्यामुळें मालमोटारी हांकणाऱ्यांस अच्छाडचें नांव पाठ असतें. वाङ्मयाच्या अभ्यासकांस तें ठाऊक असण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु दक्षिणेस ठाणें व सोपारें आणि उत्तरेस भडोच अशीं तीन नांवें मनांत धरलीं म्हणजे आमचें गांव त्यांच्या दरम्यान पडतें. आणि याच तीन बंदरांच्या पट्ट्यांत सातशें वर्षांपूर्वीं एक फ्रेंच साधु एकटाच वावरत होता. त्याचें नांव जोर्दानुस. तो डॉमिनिकन संघाचा. त्यानें येथून आपल्या धर्मबंधूंस धाडलेलीं दोन लॅटिन पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि सर हेन्री यूल या साक्षेपी इंग्रज विद्वानानें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या संग्रहांत त्यांचें भाषांतर दिलें आहे. इतिहासकार हीं पत्रें व्यापार, बंदरें आणि पंथोपपंथ यांच्या माहितीसाठीं उलगडतात. वाङ्मय म्हणून तीं कोणी वाचलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. म्हणून हा प्रपंच.

आधीं हकीकत. १३२१ सालीं जोर्दानुस आणि फ्रान्सिस्कन संघाचे चार साधु जहाजानें या देशीं आले. त्यांस जावयाचें होतें मलबारांतील कोल्लमला. जहाज लागलें ठाण्याला. ठाण्यांत त्या वेळीं नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, त्यांपैकीं एका घरीं हे उतरले. जोर्दानुसला फारसी बोलतां येत असे, म्हणून तो सोपारें-भडोचच्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांकडे निघाला. मागें त्या घरांत नवराबायकोचें भांडण झालें, नवऱ्यानें बायकोस मारलें, ती काझीकडे गेली, आणि साक्षीकरितां घरांतल्या पाहुण्यांस बोलावणें आलें. एका घरगुती कज्ज्यांतून पाहतां पाहतां धर्माचा वाद निघाला आणि एप्रिल महिन्यांत त्याचा शेवट चौघांच्या वधांत झाला. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस अशीं त्यांचीं नांवें. जोर्दानुस माघारा आला तेव्हां साथीदार उरले नव्हते. उरलीं होतीं प्रेतें. तीं त्यानें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं. (सातशें वर्षांपूर्वींचा हा प्रकार पुढें करून आज कोणा समाजाकडे बोट दाखवावें असा आमचा मुळींच हेतु नाहीं, त्या काळीं युरोपांतही धर्ममतासाठीं माणसें जाळीत असत, आणि तीं जाळणाऱ्यांत जोर्दानुसच्याच संघाचे लोक पुढें होते.)

याच प्रसंगाचें दुसरें कथन ओदोरिक नांवाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाचें आहे. तो मागाहून ठाण्यास आला. वधाच्या वेळीं तो तेथें नव्हता. त्यानें ऐकलें तें लिहिलें. आणि ऐकलेल्या गोष्टीस लागतात तसे पंख याही गोष्टीस लागले आहेत. ओदोरिकच्या कथनांत जेम्स या साधूस धगधगत्या अग्नींत टाकतात आणि त्याचा केसही जळत नाहीं. त्यास पुन्हां टाकतात, पुन्हां तोच प्रकार. चौघेही वादांत अडखळत नाहींत, मृत्यूपुढें डगमगत नाहींत. पुढें ओदोरिक त्यांच्या अस्थि उकरून बरोबर घेतो व चीनकडे निघतो. वाटेंत तो झोंपला असतां घराला आग लावली जाते, तर अस्थींच्या प्रभावानें तो वांचतो. समुद्रांत वारा पडतो, तर एक अस्थि पाण्यांत सोडतांच शिडें भरतात. ओदोरिकची रचना मोठी हातखंड आहे, यांत शंका नाहीं. युरोपांत त्याचा ग्रंथ खूप वाचला गेला, त्याच्या हस्तलिखित प्रतीही पुष्कळ झाल्या. या कथेंत ईश्वरी संकेत पानोपानीं लख्ख दिसतो, आणि नेमका म्हणूनच त्यावर विश्वास ठेवण्याचें श्रम वाचकास पडत नाहींत.

आतां जोर्दानुसकडे वळूं. त्याचें पहिलें पत्र वधानंतर सहा महिन्यांनीं, ऑक्टोबर १३२१ मध्यें, घोघा बंदराहून लिहिलेलें आहे. तें वाचून प्रथम आपण थोडे निराश होतों. पत्राचा सूर कामकाजाचा आहे. प्रचारकांनीं कोठें ठाणें द्यावें, सोपाऱ्यास किती माणसें पुरतील, भडोचला काय सोय आहे, किती जणांस बाप्तिस्मा दिला, असा सारा हिशेब. चार जिवलगांस मूठमाती देऊन अर्धेंच वर्ष झालें आहे, असें त्या पत्राच्या चेहऱ्यावरून सहज कळावयाचें नाहीं. पण ज्यांनीं घरांतलें कर्तें माणूस गेलेलें पाहिलें आहे त्यांस याचें आश्चर्य वाटूं नये. आघात ताजा असतां मनुष्य कामाचेंच बोलतो: लांकडें किती, कोणाकोणास कळवावयाचें, दिवसाचा खर्च कोणी करावयाचा. रडूं मागाहून येतें. कधीं कधीं फारच मागाहून येतें.

जोर्दानुसला तें यावयास जवळजवळ तीन वर्षें लागलीं. दुसरें पत्र जानेवारी १३२४ मधील, ठाण्याहूनच लिहिलेलें. या पत्रांत तो आपल्या संघास कळवितो कीं, चौघे गेले आणि मी मागें राहिलों. त्यांच्याबरोबर मीही गेलों असतों तर बरें झालें असतें. त्या मुकुटास मी पात्र ठरलों नाहीं. येथपर्यंत कोणीही धर्मनिष्ठ लेखक येईल. पण जोर्दानुस थांबत नाहीं. चांचे लोकांनीं आपणांस धरलें, तुरुंगांत टाकलें, आपणांवर आळ आले, शिव्याशाप मिळाले, हें तर तो सांगतोच. त्यापुढें तो लिहितो कीं, अंगावर संघाचा झगा उरला नाहीं, कित्येक दिवस नुसत्या सदऱ्यावर एखाद्या भणंगासारखा हिंडतों आहें. भूक, तहान, थंडी, ऊन. आपल्याच धर्माच्या खोट्या बंधूंची निंदा. आणि मग शरीर: डोकें दुखतें, छाती दुखते, पोट दुखतें, सगळे अवयव दुखतात, आणि जवळ मनुष्याचें साहाय्य म्हणून नाहीं. लोकांत आपल्याविषयीं दोन तट पडले आहेत, कोणी बरें बोलतो, कोणी वाईट, हेंही तो दडवीत नाहीं.

हें वाचतांना आमच्या मनांत एक शंका आली. चोखंदळ वाचकांच्या मनांतही ती आलीच असेल. मध्ययुगीन साधूंच्या लेखनांत दुःखांची यादी देण्याची एक रूढ परिपाटी होती. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत फटके, दगडमार, जहाज फुटणें, उपास, थंडी यांची जी मालिका दिली आहे, तीच पुढील सर्वांचा कित्ता. जोर्दानुसही तोच गिरवीत नसेल कशावरून? कित्ता त्याच्या डोळ्यांपुढें होता याविषयीं वाद नको. पण कित्त्यांत जें नाहीं तेंच पाहिलें पाहिजे. कित्त्यांतलीं दुःखें सारीं भारदस्त आहेत, वीराच्या अंगावर शोभणारीं आहेत. पोटदुखी कोणाच्याही अंगावर शोभत नाहीं. सदऱ्यावर फिरणें हें तर लाजेचें दुःख. धर्मवीराच्या चित्रांत तें कोणी मुद्दाम घालणार नाहीं. परिपाटीनें लिहिणाऱ्याची लेखणी अशा ठिकाणीं आपोआप वळण घेते. जोर्दानुसची घेत नाहीं, आणि तेथेंच आम्हांस त्याच्या शब्दाचा भरंवसा वाटूं लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पत्राच्या मांडणींत आहे. एवढें रडगाणें गाऊन झाल्यावर तो काय मागतो? परत बोलावून घ्या, असें नाहीं. आणखी साधु पाठवा, असें मागतो. येथें पीक चांगलें येईल, १३० हून अधिक लोकांस मीं बाप्तिस्मा दिला आहे, मात्र येणाऱ्यांनीं सहनशीलतेनें सारें सोसण्याची आणि वेळ पडल्यास मरण्याची तयारी ठेवून यावें. आपलें डोकें, छाती आणि पोट यांचें खरें वर्णन आधीं करून मग ‘तुम्हीही या’ म्हणणारें आमंत्रण आम्हीं दुसरें वाचलेलें नाहीं. व्याकुळता आणि संकेत या दोन गोष्टी त्यानें एकमेकींशेजारीं नुसत्या ठेवून दिल्या आहेत. या दुःखांतून हें भलें निघालें, असें तो म्हणत नाहीं. चौघे मेले म्हणून १३० जण मिळाले, असा जमाखर्च तो मांडीत नाहीं. मांडणें किती सोपें होतें! दुःखाचें दुःख म्हणून आणि कामाचें काम म्हणून तो सांगतो. दोहोंना जोडणारा धागा असलाच तर तो त्याच्या हातांत नाहीं, दुसऱ्याच्या हातांत आहे, असें मानून तो लिहितो.

पत्र सर्वांगीं निर्मळ आहे असा मात्र कोणाचा ग्रह होऊं नये. त्याच पत्रांत तो म्हणतो कीं, पोपमहाराजांनीं या समुद्रावर दोन गलबतें ठेवलीं तर केवढा लाभ होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाची केवढी हानि होईल! हें वाक्य आपल्यासारख्यांच्या घशांत अडकतें. दोन शतकें लोटण्यापूर्वींच वास्को द गामाचीं गलबतें या समुद्रावर आलीं, आणि त्यांमागोमाग काय काय आलें तें वसईपासून गोव्यापर्यंतच्या लोकांस सांगावयास नको. एकाकी, आजारी, फाटका मनुष्य आरमाराचें स्वप्न पाहतो, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पण ईश्वरी संकेत आणि आपल्या पक्षाचा विजय यांची गल्लत भयग्रस्त मन किती लवकर करतें, याचाही हा नमुना आहे. यूलसारख्या संपादकानें तें वाक्य झांकलें नाहीं. आम्हींही झांकूं नये.

जोर्दानुसच्या या सुराचें मूळ शोधूं गेल्यास तें शुभवर्तमानांतल्या गेथशेमने बागेंत सांपडतें. मार्काच्या वृत्तांतांत, पकडले जाण्याच्या रात्रीं येशु भयानें ग्रासला जातो. तो भुईवर पडून हा पेला टळावा अशी पित्याजवळ याचना करतो, आणि त्याच प्रार्थनेंत स्वतःची इच्छा पित्याच्या स्वाधीन करतो. जागे राहा म्हणून सांगितलेले शिष्य तीन वेळां झोंपलेले आढळतात. आकाशांतून उत्तर येत नाहीं. येतात ते पकडावयास आलेले लोक. लूकच्या वृत्तांतांत धीर द्यावयास देवदूत येतो आणि येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो. पण मौज अशी कीं, तीं दोन वचनें व्हॅटिकनच्या प्रसिद्ध हस्तलिखितांत आणि दुसऱ्या कांहीं प्राचीन प्रतींत आढळत नाहींत. तीं मागाहून कोणी घातलीं कीं देवास घाम फुटावा हें न साहून कोणी गाळलीं, यावर विद्वानांचें अद्याप भांडण चाललें आहे. चौथ्या, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानांत बागेंतली ती व्याकुळ प्रार्थना मुळींच नाहीं. तेथें येशु पकडणाऱ्यांस सामोरा जातो आणि तेच मागें सरून पडतात. म्हणजे जोर्दानुस आणि ओदोरिक यांच्यांत जो फरक आपण पाहिला, तसलाच कांहीं फरक खुद्द धर्मग्रंथाच्या चार कथनांतही आहे. चर्चनें चारही ठेविलीं, एकासाठीं दुसरें टाकलें नाहीं, हा तिचा वाङ्मयीन शहाणपणा म्हणावा लागेल.

आपल्या वाचकांस येथें गीतेच्या पहिल्या अध्यायाची आठवण होईल. भयानें व शोकानें गळून गेलेल्या वीराच्या अवस्थेस आपल्या परंपरेनें ‘विषादयोग’ म्हटलें, विषादालाही योगाच्या पंक्तीस बसविलें, हें केवढें धाडस! गांडीव गळून पडतें, अंगाचा दाह होतो, तोंडाला कोरड पडते. व्यासांनींही शरीर वगळलें नाहीं. परंतु तुलना करितां एक भेद डोळ्यांत भरतो. अर्जुनाच्या विषादास पुढचे सतरा अध्याय उत्तर आहे. आणि उत्तर देणारा सारथि त्याच रथावर बसलेला आहे. गेथशेमनेंत उत्तराचा एकही अध्याय नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेचा जो विशेष आहे, तो आमच्या समजुतीप्रमाणें येथें आहे: प्रश्न संपलेला नाहीं, भय गेलेलें नाहीं, आणि तरी पाऊल पुढें पडतें. यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं, इच्छाही नाहीं.

आमच्या बाजूच्या वारली लोकांनीं भयाशीं निराळाच व्यवहार केला आहे. जंगलांत वाघाचें भय. तेव्हां त्यांनीं वाघालाच देव केला. लांकडावर नाहींतर दगडावर वाघ कोरावयाचा, त्याच्यावर सूर्यचंद्र काढावयाचे, शेंदूर फांसावयाचा, आणि वाघबारशीस त्याची पूजा करावयाची. शहरांतले लोक याला भोळेपणा म्हणतात. परंतु आपल्याला कशाचें भय वाटतें हें गांवाच्या सीमेवर उघड मांडून ठेवणारा समाज, भय वाटतच नाहीं असें सोंग करणाऱ्या समाजापेक्षां अधिक सत्याजवळ असतो, असें आम्हांस वाटतें. आतां तलासरीच्या रानांत वाघ राहिले नाहींत, वाघदेव आहे.

मराठींतल्या ख्रिस्ती वाङ्मयाकडे या दृष्टीनें पाहिलें तर काय दिसतें? पहिला मोठा ग्रंथ अर्थातच फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’. जन्मानें इंग्रज असलेला हा जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या भाषासौंदर्यावर आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे, तें पुन्हां सांगत नाहीं. आम्हांस कुतूहल आहे तें वेगळें. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच जेझुइटांचा वध झाला, तेव्हां स्टीफन्स साष्टींतच काम करीत होता. त्या वधामागें देवळें पाडल्याचा संताप होता. आणि त्याबद्दल पोर्तुगीजांनीं गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून दगा करून मारलें. भय दोन्ही बाजूंस होतें. असें असूनही पुराणाचा निवेदक निर्भय आहे, आणि तें पुराणकथनाच्या रीतीस साजेसेंच आहे. पुराण सांगणाऱ्यास शेवट ठाऊक असतो, श्रोत्यांसही असतो, गेथशेमनेच्या अंधारांतही पुनरुत्थानाची समई तेवत असते. ओवी शोकाला आवरतें घेते, कडेला लावते. हा ग्रंथाचा दोष नव्हे. हें त्या जातीच्या ग्रंथाचें काम आहे. जोर्दानुसच्या सदऱ्याला मात्र त्यांत जागा नाहीं.

पंडिता रमाबाईंचें १९०७ मधील आत्मनिवेदन घेतलें तर तेथें दुःखाचा डोंगर आहे: दुष्काळांत आईबाप गेले, बहीण गेली, लग्न होऊन दोन वर्षें होतात न होतात तों पति गेला. परंतु ‘साक्ष’ म्हणून जो लेखनप्रकार चर्चमध्यें रूढ आहे, त्याचा ओघच असा कीं सारे झरे शेवटीं एका नदीस मिळालेच पाहिजेत. बाईंची बुद्धि त्या ओघापेक्षां मोठी असल्यामुळें पुस्तक तरलें आहे.

खरें आश्चर्य आहे तें लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चें. नारायण वामन टिळकांनीं फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ईश्वराचा संकेत ऐकूं आला तो टिळकांना. त्याची किंमत प्रथम मोजली ती लक्ष्मीबाईंनीं. नवरा जिवंत असून नाहींसा, माहेरसासरच्यांची करुणा, ती तर शिक्षेहून जड, मुलाविषयींची धास्ती, डोकें ठिकाणावर राहील कीं नाहीं अशी अवस्था. दुसऱ्याच्या संकेतापायीं आपल्या वांट्यास येणाऱ्या व्याकुळतेचें वर्णन ख्रिस्ती वाङ्मयांत फार थोडें आहे. साधूंस बायका नसत हें त्याचें एक कारण असेल. बाई पुढें पतीकडे परतल्या, १९०० सालीं त्यांनीं स्वतःही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं तीं १९३४ पासून, म्हणजे हें सारें मागें पडून तीस-पस्तीस वर्षें झाल्यावर. शेवट ठाऊक असलेल्या बाईनें लिहिलें. तरी तो शेवट त्या मधल्या वर्षांवर उसना उजेड म्हणून टाकीत नाहींत. त्या वेळीं अंधार होता, तर पानावरही अंधार आहे. आणि त्या अंधारांत त्यांस हसूं येतें! स्वतःच्या सोंवळ्याला, स्वतःच्या भित्रेपणाला त्या हसतात. टिळकांनाही सोडीत नाहींत. हें हसणें भयावरची मात आहे असें पुष्कळ टीकाकार म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मात केली असती तर हसण्याची गरज राहिली नसती. भय सोबतीला आहे, त्याला घालवितां येत नाहीं, तेव्हां त्याच्याशीं घरच्यासारखें बोलावें, असें तें हसणें आहे. जोर्दानुसला हें साधलें नाहीं. कदाचित् त्याला बोलावयास घरच नव्हतें म्हणून.

इंग्रजी वाङ्मयांत याच जातीचें उदाहरण म्हणजे हॉपकिन्स या जेझुइट कवीचीं डब्लिन येथें १८८५ च्या सुमारास लिहिलेलीं सुनीतें. तीं त्याच्या हयातींत छापलीं गेलीं नाहींत. १९१८ सालीं त्याचा मित्र ब्रिजेस यानें कविता प्रसिद्ध केल्या तेव्हां लोकांनीं वाचलीं. वर्गांत हीं सुनीतें शिकवितांना दर वर्षीं कोणी तरी विद्यार्थी विचारतोच कीं, याची श्रद्धा उडाली होती काय? उडाली असती तर एवढें भांडण त्यानें कोणाशीं मांडलें असतें, असें आम्ही उलट विचारतों. विद्यार्थ्यांचें समाधान होतें असें नाहीं.

जोर्दानुस पुढें युरोपांत परतला. १३२९ सालीं पोपनें त्याला कोल्लमचा बिशप नेमलें. म्हणजे ज्या ठिकाणीं जावयास तो निघाला होता तेथलेंच पद त्यास मिळालें. त्यानें ‘मिराबिलिया’ म्हणून या देशांतील नवलाईंचा एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. यूलनें त्याचें भाषांतर १८६३ सालींच केलें होतें. हा ग्रंथ वाचतांना तोच मनुष्य लिहीत आहे यावर चटकन् विश्वास बसत नाहीं. फणस एवढा मोठा कीं एका फळावर पांच जणांचें पोट भरावें, आंबा किती गोड, नारळाच्या झाडाचा कशाकशाला उपयोग होतो, हत्तीला कसें शिकवितात, हें सारें तो लहान मुलाच्या उत्साहानें सांगतो. साथीदारांचा वध तेथें एका ओळींत आला आहे. स्वतःविषयीं एवढेंच, कीं चार वेळां तुरुंगांत पडलों, आणि केस किती वेळां उपटले गेले, फटके व दगड किती वेळां खाल्ले तें देव जाणे. वाक्य बांधेसूद आहे, बिशपाला शोभणारें आहे. पौलाच्या कित्त्यांत तें चपखल बसेल. डोकें, छाती, पोट, अंगावरचा तो सदरा, यांतलें कांहींच त्यांत नाहीं. तें जानेवारी १३२४ च्या त्या ठाण्याच्या पत्रांतच राहिलें आहे.